मूसला घातलेला गोग्रास

आमच्या शारजाच्या घरात घड्याळापेक्षा एसीच्या आवाजाकडे जास्त लक्ष असे. बाबा रेफ्रिजरेशनवाले, इंडस्ट्रियल एरियातल्या एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर. जेवताना मधेच घास हातात धरून थांबायचे आणि म्हणायचे, "वरच्या नायरांचा कॉम्प्रेसर आठवड्यात जाणार." आणि आठवड्यात तो जायचाच. आई म्हणायची, "बायकोच्या आवाजाकडे एवढे कान दिले असते तर संसाराचं सोनं झालं असतं." मी तेव्हा पंधरा वर्षांची होते आणि माझ्या जिभेला हाड नव्हतं, हे आमच्या बिल्डिंगीतल्या अकराही मराठी घरांचं एकमत होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या वर्षी जे घडलं त्यात ही जीभ नको तिथे चालली आणि हवी होती तिथे नेमकी टाळूला चिकटली. आज गुडघे कुरकुरतात, अर्धी नावं आठवत नाहीत, पण तो शुक्रवार मिनिटामिनिटाने आठवतो.

त्या वर्षी बाबांच्या कंपनीला एक विचित्र काम मिळालं होतं. रास अल खैमाच्या रस्त्याला, डोंगरांच्या अलीकडे, एका बड्या अरबाबचा, म्हणजे अरब मालकाचा, मज़रा, म्हणजे शेत होतं. अरबाबला जनावरांची हौस. हरणं होती, शहामृग होते, आणि आता त्याला पार कॅनडाहून मूस आणायचा होता. मूस म्हणजे हरणांच्या कुळातला सगळ्यात थोराड गडी. घोड्यापेक्षा उंच, खांद्यावर मदार, लांबुडकं नाक, वरचा ओठ लोंबता, आणि गळ्याखाली केसाळ कातड्याची एक लोळी. बर्फातलं जनावर, वीस डिग्रीच्या वर धापा टाकायला लागतं. म्हणून त्याच्यासाठी थंड गोठा बांधायचा, आत चौदा डिग्री, बाहेर पंचेचाळीस. हा गोठा बाबांनी उभा केला. आणि ज्या आठवड्यात मूस विमानातून उतरायचा होता, त्याच आठवड्यात गावी माझे आजोबा गेले. बाबांनी रजा मागितली. मज़ऱ्याच्या मुदीरने, म्हणजे मॅनेजरने, सांगितलं, "जनावर आत स्थिर झालं की जा, इन्शाल्ला." पासपोर्ट कंपनीत होता. बाबा गोठ्याच्या गच्चीवर चिलरपाशी, म्हणजे थंडाव्याच्या मशीनपाशी, बसून राहिले आणि तिकडे काकांनी आजोबांना अग्नी दिला. त्यानंतर कितीतरी दिवस त्यांना कुणाचाच कॉम्प्रेसर ऐकू आला नाही.

मूसची राखण भिवाकाकांकडे होती. भिवाकाका मालवणाकडचे, एकटेच, बायकामुलं गावी. आधी ते साइटवर विटा उचलायचे. गावी शेळ्या पाळलेला माणूस म्हणून मुदीरने त्यांना गोठ्यावर आणलं. सप्टेंबरच्या त्या वाळवंटात स्वेटर आणि कानटोपी घालून वावरणारा हा एकच माणूस असावा. दर शुक्रवारी बाबा मशीन बघायला जायचे, तेव्हा आईचा डबा त्यांच्यासाठी ठरलेला. ते मूसला 'पावणो' म्हणत. पाहुणा सुरुवातीला काही खाईना. मुदीरने उत्तम हिरवं गवत मागवलं होतं, ते तसंच वाळून जाई. भिवाकाकांनी दोन दिवस नुसतं बघितलं आणि तिसऱ्या दिवशी गाफच्या, म्हणजे आपल्या शमीच्या, आणि बोरीच्या फांद्या तोडून उंच टांगल्या. पाहुण्याने फांदी तोंडात आडवी धरली आणि सरकन ओढून नुसता पाला ओरबाडून घेतला. "खालचा गवत खावक ह्याका ढोपरा टेकूची लागतत," भिवाकाका बाबांना म्हणाले. "द्येवान ज्याका गवतासाठी केल्यान, तो ढोपरा कशाक टेकीत?" जाणकार पुस्तकांत जे लिहितात ते ह्या माणसाने दोन दिवस उकिडवं बसून शोधलं होतं.

मग पितृपक्ष आला. आजोबांचं पहिलं वर्ष म्हणून भरणी श्राद्ध. भटजी मिळाले नाहीत, तर आईने फोनवरून आत्याला विचारून विचारून सगळं केलं. तांदळाची खीर, उडदाचे वडे, कढी, आमसुलाची चटणी, पुरणपोळी. कावळे शारजात हवे तितके, गॅलरीतलं पान त्यांनी पाच मिनिटांत उडवलं. अडलं ते गोग्रासावर. गाईचा घास घालायचा कुणाला? डेअरीवाले फाटकाच्या आत घेत नाहीत. तिसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्णीकाकूंनी उंट सुचवला. "उंट? शी! काहीतरीच काय!" असं म्हणून आई एकदम बाबांकडे वळली आणि म्हणाली, "तुमचा तो मूस रवंथ करतो?"

"करतो."

"खूर दुभंगलेले आहेत?"

"आहेत. पण ते हरीण आहे गं."

"असू दे. ज्या जनावरापायी तुम्हाला बापाच्या चितेला जाता आलं नाही, त्याच्याच तोंडी बापाचा घास पडू दे."

बाबांनी डबा उचलला. आज मी त्या वाक्याकडे बघते तेव्हा कळतं की आईला मूसवर उपकार करायचे नव्हते, तिला हिशेब चुकता करायचा होता, पण तिच्या परीने, जेवू घालून. बिल्डिंगीत ही बातमी पसरायला अर्धा दिवससुद्धा लागला नाही. प्रत्येकाचं कुणी ना कुणी गेलेलं, आणि प्रत्येकाचा गाईचा घास इतकी वर्षं कचऱ्याच्या डब्यात जात होता. त्या पंधरवड्यात बाबांचं तिकडे एक दिवसाआड काम निघायचं. त्यांच्या गाडीत पिशव्या येऊ लागल्या, कुणाच्या आईची तिथ, कुणाच्या सासऱ्यांची. बाबा त्या भिवाकाकांच्या हातात देऊन गच्चीवर जात.

सर्वपित्री अमावास्या गुरुवारी आली. तिथे शाळेला गुरुवार-शुक्रवार सुट्टी, म्हणून मी आणि आई बाबांबरोबर गेलो. त्या दिवशी अकराही घरांचं अन्न होतं. दोन मोठे टब भरले होते, भात, खीर, वडे, पोळ्यांच्या चवडी, लग्नातलं उरल्यासारखं. बाबा वर गेले. भिवाकाकांनी टब घेतले आणि आईसमोर अवघडून उभे राहिले.

"वयनी, रागावू नकात. पण ही गाय नाय. ह्या शेळयेसारख्या जनावर, पाल्यार जगणारा. शिजयलला अन्न ह्याका सोसूचा नाय. मी तोंडाक लावतंय घासभर. बाकीचा ठेवा हयसर."

आई थांबली होती. खरंच थांबली होती. पण त्याच पंधरवड्यात एकदा बाबांबरोबर आले असताना मी गोठ्यामागे गेले होते आणि अरबाबच्या शेळ्या आमच्या पोळ्यांवर ताव मारताना बघितल्या होत्या. मला वाटलं, पकडला चोर! "आई, हे काका इतके दिवस त्याला काही देतच नाहीयेत," मी म्हटलं. "सगळं शेळ्यांना घालतात. मी बघितलंय. आजोबांचं पानसुद्धा शेळ्यांनीच खाल्लं असणार." आईचा चेहरा उतरला. भिवाकाकांनी मान खाली घातली. आईच्या डोळ्यांत पाणी बघून मला आणखी चेव आला. मी टब ओढत नेला आणि छातीएवढ्या उंच गव्हाणीत पालथा केला, मग दुसरा. "बाय, थोडा घाल. सगळा नको गो," ते मागून म्हणत होते. पाहुण्याने आधी नाक फेंदारून वास घेतला. मग त्या लोंबत्या ओठाने पुरणपोळी अलगद उचलली. गुळाची चव लागल्यावर तो थांबेचना. गव्हाण चाटूनपुसून स्वच्छ केली. आईने हात जोडले आणि म्हणाली, "जेवले हो, मामंजी जेवले." मी तर हवेतच होते. भिवाकाका फांद्या तोडायला निघून गेले. येताना गाडीत मी वर तोंड करून बाबांना सगळं सांगितलं, आणि बाबा "बरं झालं" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कांदेपोहे खाताना बाबांचा पेजर वाजला. त्यांनी फोन लावला, ऐकलं, आणि फोन ठेवून म्हणाले, "पाहुणा बसलाय. उठत नाही." आई तशीच पदर खोचून निघाली, मीही. तासाभराचा रस्ता. मज़रा जवळ आल्यावर बाबांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. "कुणी काही विचारलं तर बोलायचं नाही. मशीन माझं, मशीनचं मी बघतो. बाकी आपला संबंध नाही. कळलं?" मी मान हलवली. व्हिसा बाबांचा, त्यावर आम्ही. दहावीचं वर्ष. मशीन चुकलं किंवा आपण चुकलो, दोन्हीचा शेवट विमानतळावर, एवढं मला कळत होतं.

गोठ्यात शिरले आणि थंडीबरोबर वास आला, आंबून फसफसलेल्या इडलीच्या पिठाचा. पाहुणा कुशीवर पडला होता, डावी कूस टम्म फुगलेली, आणि दात खात होता. एवढ्या मोठ्या जनावराचे दात करकर वाजताना तुम्ही ऐकले नसतील. मी अजून कुणी झोपेत दात खाल्ले तर उठून बसते. भिवाकाकांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. बाबांनी आधी भिंतीवरचं थर्मामीटर बघितलं. चौदा. मुदीर ओरडला, "मशीन खराब! वर जा, चेक कर. फॉल्ट निघाला तर तू खलास." बाबा धावत शिडी चढले. खाली राहिलो आम्ही दोघी, भिवाकाका, मुदीर आणि जनावरांची डॉक्टरीण. पिकल्या केसांची, उन्हाने रापलेली बाई, मूसच्याच देशातली. तिने भिवाकाकांना काहीतरी विचारलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, हिंदीही मोडकंच. मुदीरने माझ्याकडे बोट केलं, "ही पोरगी स्कूलमध्ये जाते. यल्ला, चल, तू सांग."

"कालपासून याने काय काय खाल्लं? सगळं विचार."

मी मराठीत विचारलं. खरं तर कशाला विचारायचं होतं? मीच तर घातलं होतं! भिवाकाकांनी माझ्याकडे बघितलं. मग आईकडे. आईने पदर तोंडाला लावला होता. मग परत माझ्याकडे. त्यांच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

"पालो," ते म्हणाले. "पाल्याशिवाय काय नाय."

आणि मी, जिच्या जिभेला हाड नाही ती मी, इंग्रजीत म्हणाले, "पाला. फक्त पाला."

डॉक्टरीण गुडघ्यावर बसून माझ्या डोळ्यांत बघत सावकाश बोलली. फक्त पाला असेल तर उष्माघात. मग गार पाणी मारायचं, सलाइन लावायचं. पण दाणा, पीठ, भात, असलं काही पोटात गेलं असेल तर पोट आतून आंबलंय, आणि ते लगेच रिकामं केलं नाही तर हा जाईल. दोन्ही उपचार वेगळे, वेळ एकाच्याच पुरता. "नक्की?" तिने विचारलं. मी मान हलवली. पाइप आणला, पाणी सुरू झालं. चौदा डिग्रीतल्या जनावरावर गार पाणी! तिलाही ते पटत नव्हतं, ती पुन्हा पुन्हा थर्मामीटरकडे बघत होती. वरून बाबांच्या पान्यांचा आवाज येत होता. दात करकरत होते. भिवाकाका ओले झाले तरी हलले नाहीत, त्याच्या कानात काहीतरी पुटपुटत होते. मी भिंतीला पाठ लावून उभी होते आणि मनात एकच चाललं होतं, बोलले तर बाबा जातील, नाही बोलले तर हा जाईल, बोलले तर बाबा जातील. किती वेळ? वीस मिनिटं म्हणा.

आईने विचारलं, "काय म्हणते गं बाई?" मी सांगितलं. भात असेल तर वेगळं औषध आहे, पण वेळ थोडा आहे. आई पांढरीफटक पडली. तिने शिडीकडे बघितलं. पुढचं नेमकं कसं झालं, यावर आम्हा मायलेकींचं आजही एकमत नाही. आई म्हणते, तिने मला कोपराने ढोसलं. मी म्हणते, मी आपणहून बोलले. जे असेल ते असो. मी ओरडले, "भात! भात, पोळ्या, गूळ. मी घातलं. काल. यांनी नाही म्हटलं होतं, मी घातलं!"

"किती?"

मी ते आईला सांगितलं. आईने दोन्ही हात पसरून टबाएवढा गोल केला, आणि मग दोन बोटं दाखवली. डॉक्टरीण रागावली नाही. तिला रागवायला वेळच नव्हता. पाणी बंद केलं, घशातून जाड नळी घातली, आणि बादलीत करड्या फेसाबरोबर भात पडायला लागला, वड्यांचे तुकडे, पुरण. अकरा घरांचे पितर बादलीत पडत होते. आई बघू शकली नाही. तेवढ्यात बाबा शिडीवरून उतरले, हातात लॉगशीट नाचवत, "सर, चौदा! पूर्ण आठवडा चौदा डिग्री! मशीन एकदम ओके!" आणि त्यांना बादली दिसली. त्यांनी लॉगशीटची घडी केली, आणखी एक घडी केली, आणि खिशात ठेवली.

नळीने धुवून काढल्यावर डॉक्टरणीने सोडा घातलेलं पाणी पाजलं, कोळशाची पूड दिली. मग फक्त वाट बघायची होती. मुदीर आणि बाबा बाहेर गेले. डॉक्टरीण पाहुण्याच्या मानेवर हात ठेवून आमच्याशी बोलत बसली, मी आईला मराठीत सांगत होते, आणि या वेळी एकही शब्द गाळत नव्हते. तिकडे हे जनावर तळ्यात गळ्यापर्यंत उतरून पाण्यातली झाडं खातं. विलो नावाच्या झाडांचे शेंडे खाऊन रान छाटतं. त्याच्यावर लांडगे जगतात, लांडग्यांचं उरलं की डोमकावळे. आणि माणसंही. एक मूस मिळाला तर कुटुंबाचा हिवाळा निघतो, कातड्याचे जोडे होतात. तिथले जुने लोक मूस मारला की गळ्याखालची ही लोळी झाडाला बांधतात, त्याचे आभार म्हणून. आईने ऐकलं आणि हळूच म्हणाली, "म्हणजे तेही पान ठेवतात." मग बादलीकडे बघून, "पण त्याला खाऊ नाही घालत."

दुपारच्या अजाननंतर कधीतरी दात वाजायचे थांबले. संध्याकाळी त्याने मागचे पाय गोळा केले, ढुंगण वर झालं, मग पुढचे लटपटत आले, आणि तो उभा राहिला. भिवाकाका तेव्हा रडले. त्याआधी मुदीरने निकाल दिलेला होता. बाबांना तो म्हणाला, मशीन चांगलं, पण बायकापोरं परत इथे आणायची नाहीत. भिवाकाकांना म्हणाला, राखणदार तू, तू घालू दिलंस आणि वर खोटं बोललास. व्हिसा कॅन्सल. बाबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. ते मशीन सांभाळणारा त्या रस्त्याला दुसरा माणूस नव्हता, आणि भिवाकाकांसारखे, मुदीरच्या मते, शंभर मिळत होते. बाबा बोलले असते तर भिवाकाका राहिले असते का? माहीत नाही. पण ते बोलले नाहीत, आणि म्हातारपणी पडून असताना त्यांनी ही एकच गोष्ट मला दोनदा सांगितली.

भिवाकाका जायच्या आदल्या शुक्रवारी आमच्याकडे जेवायला आले. आईने मासे केले होते, तिच्या हातचं त्यांना प्रथमच गरम मिळत होतं. ते व्यवस्थित जेवले, नेहमीसारखे. मी मात्र मान वर करू शकत नव्हते. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाले, "वेळेर बोललंस ना? झाला तर मग." हात धुतल्यावर त्यांनी खिशातून वहीचा कागद काढून माझ्यापुढे ठेवला. गोठ्यावर नवा माणूस येणार होता, त्याला मराठी कुठून येणार? त्यांनी सांगायचं ते मी इंग्रजीत लिहून द्यायचं होतं. "बाय, आता मात्र सगळा बरोबर सांग हां," ते म्हणाले आणि हसले. मी खाली बसून लिहायला लागले. गाफचा पाला सकाळी, बोरीचा दुपारी. फांदी माणसाच्या डोक्याच्या वर टांगायची. पाणी पसरट भांड्यात. दाराची कडी आपटायची नाही, घाबरतो. डाव्या कानामागे खाजवलं की उभ्या उभ्या डोळे मिटतो. हाच कागद पुढे प्लास्टिकमध्ये घालून गोठ्याच्या दाराला लावला गेला आणि पाहुणा त्यावर आणखी चार उन्हाळे जगला, हे बाबांकडून कळत राहिलं.

"आणि भायल्या माणसांनी आणलला काय एक खावक..." असं म्हणून ते अडले. त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "ऱ्हवांदे. ता लिवू नको. वयनीक वायट वाटतला."

आत भांड्यांचा आवाज थांबला. आई ओल्या हातांनी दारात आली. तिने कागद बघितला, तिला वाचता येत नव्हतं त्या भाषेतला, आणि वरच्या कोऱ्या जागेवर बोट टेकवलं. तिथे पाण्याचा ठिपका उमटला.

"लिही गं," ती म्हणाली. "सगळ्यात वर लिही."